उन्हाच्या आधी राउंड संपवायचा असेल तर: गोल्फमध्ये वेळ कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

मे महिन्यात नागपुरात साडेपाचला उजाडतं आणि साडेनऊ वाजले की ऊन अंगावर यायला लागतं, पुढे काय होतं ते आपल्याला सांगायला नको. नवतप्यात तर दहानंतर बाहेर निघायचं नाही हे घरोघरी ठरलेलंच असतं. म्हणजे गोल्फसाठी हातात राहतात चार तास, फार तर सव्वाचार. चौघांच्या फोरबॉलला १८ होलसाठी एवढा वेळ पुरतो, नीट खेळलं तर आरामात पुरतो. पण रविवारी होतं काय, पाच तास, कधी सव्वापाच, आणि शेवटचे चार होल सगळे डोक्याला दुपट्टा बांधून कसेतरी उरकतात.

मागच्या उन्हाळ्यात पंधराव्या टीवर, म्हणजे होल सुरू करायच्या जागी, आम्ही उभे होतो. आमचा कॅडी (बॅग सांभाळणारा मदतनीस), पन्नाशीतला माणूस, कडुनिंबाखाली बॅग टेकवून खाली बसला होता, तो एरवी कधी बसत नाही. मी म्हटलं, भाऊ, पाणी प्या. तो म्हणाला, "साहेब, पाणी तेराव्यालाच संपलं." त्याच्या ओठांवर पांढरी साल आलेली दिसत होती. आणि मागे वळून पाहिलं तर फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) दोन फोरबॉल थांबून होते, आमच्यासाठी. पुढे मात्र एक अख्खा होल रिकामा. उशीर आमच्यामुळे होत होता आणि चटके बारा खेळाडू आणि त्यांचे कॅडी सोसत होते. त्या दिवसापासून मी या विषयावर मनापासून बोलतो, आणि खाली जे लिहिलंय ते आम्ही चौघांनी स्वतः करून पाहिलेलं आहे.

आधी हिशोब समजून घ्या

बहुतेकांना वाटतं हळू खेळणं म्हणजे स्विंग हळू असणं. तसं नाही हो. स्विंगला दोन सेकंदही लागत नाहीत. चौघं, प्रत्येकाचे ९० शॉट धरले तर ३६० शॉट झाले, आणि प्रत्येक शॉटच्या आधी फक्त १० सेकंद जास्त गेले तरी ३६०० सेकंद होतात, म्हणजे पूर्ण एक तास. तो तास ग्लोव्ह चढवण्यात, क्लब बदलण्यात, "माझी पाळी का?" विचारण्यात जातो. म्हणून घाई करायची गरजच नाही, पळायचं नाही, स्विंग बदलायचा नाही, फक्त पाळी आली की तयार असायचं.

नियमांच्या पुस्तकातही हे आता स्पष्ट आहे. २०१९ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी नियम नव्याने लिहिले, त्यात ५.६ नंबरच्या नियमात सांगितलंय की अडथळा नसेल आणि तुम्ही खेळू शकत असाल तर शॉट ४० सेकंदांच्या आत मारावा, आणि एरवी त्याहूनही लवकर जमायला हवं. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण शॉट मोजून खेळतात तेव्हा, विनाकारण उशीर केला तर पहिल्यांदा एक स्ट्रोक (शॉट) जास्त, दुसऱ्यांदा दोन स्ट्रोक आणि तिसऱ्यांदा स्पर्धेतून बाद, अशी शिक्षा आहे. रविवारच्या खेळात कोणी शिक्षा लावत नाही, पण ४० सेकंद किती असतात ते एकदा घरी घड्याळ लावून बघा, भरपूर असतात.

घरून निघताना आणि पहिल्या टीवर

टी ऑफच्या १५ मिनिटं आधी पोचा. एका खिशात दुसरा बॉल, बॉल ठेवायच्या दोन-तीन टी (खुंट्या), बॉल मार्कर आणि पिच मार्क (बॉल पडून ग्रीनवर होणारा खळगा) नीट करायचं टूल, हे निघण्याआधीच ठेवा म्हणजे दर वेळी बॅगेची चेन उघडायची वेळ येत नाही. बॉलवर पेनाने आपली खूण करा, ग्रीनजवळ (होलच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताजवळ) दोन सारखे बॉल पडले की कोणाचा कोणता यावरच तीन मिनिटं जातात. पाण्याची बाटली आपल्यापुरती आणि कॅडीपुरती, दोन्ही भरून घ्या. फोन सायलेंटवर.

आणि पुढच्या-मागच्यांपैकी कोणत्या टीवरून खेळायचं ते खरं बोलून ठरवा. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, बॉल १८० यार्ड जात असेल तर मागच्या टीवरून खेळण्यात काही मोठेपणा नाही, प्रत्येक होलला एक जास्तीचा लांब शॉट आणि तोही बहुतेक रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात). आमच्या ग्रुपमधल्या काकांनी ६५ व्या वर्षी पुढच्या टी घेतल्या आणि आता ते आमच्याआधी ग्रीनवर पोचलेले असतात, मजाही येते त्यांना.

आपापल्या बॉलकडे चाला

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. टी ऑफ झाला की चौघंही वरातीसारखे एकत्र निघतात, पहिल्याच्या बॉलपाशी थांबतात, त्याचा शॉट बघतात, मग सगळे दुसऱ्याच्या बॉलपाशी, मग तिसऱ्याच्या. गप्पा छान होतात पण प्रत्येक जण आपला विचार आपली पाळी आल्यावरच सुरू करतो. त्याऐवजी टीवरूनच फाकायचं, ज्याचा बॉल डावीकडे त्याने डावीकडे जायचं. पुढे उभ्या असलेल्याने फक्त मागच्याच्या रेषेत यायचं नाही, बाजूला आणि नजर मागे ठेवून राहायचं, कारण बॉल कुठूनही येतो.

बॉलपाशी पोचलात की दुसरा मारत असताना तुमचं सगळं करून ठेवा. अंतर बघा, वारा बघा, क्लब काढा, ग्लोव्ह घाला. रेंज फाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) एकाकडेच असेल तर त्याने सगळ्यांना आकडा ओरडून सांगायला हरकत नाही, अंतर ही माहिती नियमाने कोणालाही देता येते, कोणता क्लब घ्यावा हा सल्ला मात्र स्पर्धेत आपला कॅडी किंवा जोडीदार सोडून कोणाला विचारता-सांगता येत नाही. एक कॅडी दोघांच्या बॅगा सांभाळत असेल तर लांब जाताना दोन-तीन क्लब हातात घेऊन जा, नाहीतर तो बिचारा उन्हात इकडून तिकडे धावत राहतो. प्रॅक्टिस स्विंग एक, फार तर दोन. टीव्हीवरचे प्रो चार बाजूंनी पट (ग्रीनवर बॉल होलमध्ये घालायचा शॉट) बघतात ते बघून आपणही तसंच करायला लागलो, पण त्यांच्या एका पटवर लाखोंचं बक्षीस असतं.

मग येतो रेडी गोल्फ, म्हणजे जो तयार त्याने आधी मारायचं. जुन्या सवयीने आपण होलपासून सगळ्यात लांब कोण ते मोजत बसतो आणि टीवर मागच्या होलचा जिंकणारा शोधतो, तो नेमका बाथरूमला गेलेला असतो. स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार आणि जिथे धोका नाही तो मारेल, हे नियमात बसतं आणि नियमच तसं सुचवतो. मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरच्याशी होलगणिक हारजीत असते तेव्हा, मात्र पाळीला अर्थ आहे, पाळी सोडून मारलं तर समोरचा तो शॉट रद्द करायला लावू शकतो, त्यामुळे तिथे आधी "मी मारू का?" विचारा, दोघांचं जमलं तर चालतं. पहिल्या टीवरच सगळ्यांना सांगून टाकायचं, "आज रेडी गोल्फ खेळू या," म्हणजे मधेच कोणाला वाईट वाटत नाही.

बॉल हरवला तर

आपल्याकडे पावसाळ्यात हा खरा त्रास. जुलै-ऑगस्टमध्ये रफ गुडघ्याला लागतं आणि काळी माती इतकी मऊ होते की चांगला मारलेला बॉलसुद्धा स्वतःच्याच खड्ड्यात रुतून बसतो, समोर असून दिसत नाही. (सापडला तर रुतलेल्या बॉलला फेअरवे-रफमध्ये फुकट ड्रॉप मिळतो, म्हणजे दंड न होता बॉल उचलून जवळच हातातून सोडून खेळता येतो, पण आधी सापडायला हवा ना.)

सापडायचं काम टीवरच सुरू होतं. बॉल मारला आणि वाकडा गेला की मान खाली घालून शिव्या देत टी उचलू नका, बॉल पडेपर्यंत बघा आणि एक खूण धरा, "त्या पळसाच्या डावीकडे, दोन पावलं अलीकडे". बाकी तिघांनीही बघायचं, आठ डोळे आहेत.

शंका असेल तर तिथूनच प्रोव्हिजनल मारा, म्हणजे पहिला हरवलाच तर चालावा असा तात्पुरता बॉल. आणि तोंडाने "प्रोव्हिजनल" हा शब्द म्हणा, नुसतं "एक अजून मारतो" म्हटलं तर नियमाप्रमाणे तोच तुमचा खेळातला बॉल होतो आणि पहिला समोर दिसला तरी उपयोग नाही. बॉल पाण्याच्या पेनल्टी एरियात (कोर्सवर खुणा करून ठरवलेल्या अडथळ्याच्या भागात) गेल्याची खात्रीच असेल तर प्रोव्हिजनल नसतो, तिथे जाऊन नियमाने ड्रॉप घ्यायचा.

शोधायला किती वेळ? पूर्वी ५ मिनिटं होती, २०१९ पासून ३. शोधायला सुरुवात केली की मोजणी सुरू, तुम्ही किंवा तुमचा कॅडी, जो आधी शोधू लागेल तेव्हापासून. फोनचं घड्याळ लावा. आणि चौघंही लगेच गवतात शिरू नका, आधी दोघांनी आपले शॉट मारून घ्यायचे आणि मग मदतीला यायचं. ३ मिनिटं झाली की झालं, मग बॉल ५०० रुपयांचा असला तरी.

बॉल हरवला की नियमाने जिथून मारला तिथे परत जाऊन पुन्हा मारावं लागतं. तसं टीवर परत जायचं नसेल तर एक सोय आहे. २०१९ पासून क्लबला असा लोकल रूल लावता येतो की बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर त्या जागेजवळच्या फेअरवेच्या कडेला दोन स्ट्रोकच्या पेनल्टीने ड्रॉप घ्या आणि पुढे चला. आपल्या क्लबात लावलाय का ते विचारून घ्या, लावला नसेल तर कमिटीकडे मागा. मित्रामित्रांच्या खेळात तर बिनधास्त वापरा.

ग्रीनवर

इथे एकच चूक मी दर आठवड्याला बघतो. बॅग ग्रीनच्या पुढच्या बाजूला, आलो तिथेच टाकलेली. पट झाले, मग चौघं उलटे चालत बॅगेपाशी, पटर पुसून कव्हर घालणार, तिथेच उभं राहून "तुझे किती? सहा का सात?" आणि मागचा माणूस १५० यार्डांवर हातात आठ नंबर आयर्न घेऊन उभा. बॅग नेहमी पुढच्या टीच्या बाजूला ठेवायची. शेवटचा पट पडला की निघायचं, स्कोअर पुढच्या टीवर लिहायचा. एवढ्या एका गोष्टीने होलमागे अर्धं मिनिट वाचतं, १८ होलला नऊ मिनिटं.

बाकी, दुसरा पट मारत असताना तुमची रेषा वाकून वाचून ठेवा, त्याच्या नजरेच्या मागे-पुढे न येता. फ्लॅग काढायलाच पाहिजे असं आता नाही, आत ठेवून पट करता येतो. फुटभराचा उरला तर मार्क करत बसू नका, कोणाच्या रेषेवर पाय पडत नसेल तर टाकून मोकळे व्हा.

स्टेबलफर्डमध्ये (प्रत्येक होलच्या स्कोअरवर पॉइंट मिळतात तो प्रकार) पॉइंट मिळायची आशा संपली की बॉल उचला. हँडिकॅपलाही (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या शॉटच्या सवलतीला) होलचा जास्तीत जास्त स्कोअर ठरलेला आहे, नेट डबल बोगी, म्हणजे पार (त्या होलचे ठरलेले शॉट) अधिक दोन अधिक त्या होलला मिळणारे तुमचे स्ट्रोक, त्यामुळे बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) सातवा प्रयत्न करून काही हाती लागत नाही. साध्या स्ट्रोक प्ले स्पर्धेत मात्र होल पूर्ण करावाच लागतो.

पुढच्यांना गाठा, मागच्यांना जाऊ द्या

तुमची जागा पुढच्या ग्रुपच्या मागे असते, मागच्या ग्रुपच्या पुढे नाही. "मागे कोणी नाही ना" म्हणून निवांत राहिलात आणि पुढचा होल रिकामा झाला तर तुम्ही मागे पडलात. पुढे एक होल मोकळा आणि मागे लोक थांबलेले, असं झालं की जाऊ द्या. त्यात अपमान काही नाही. सोपी जागा म्हणजे पार ३, टीवरून एका शॉटमध्ये ग्रीनवर पोचता येतं तो छोटा होल. आपण चौघांनी ग्रीनवर मारायचं, बॉल मार्क करून बाजूला सुरक्षित उभं राहायचं, हात करून मागच्यांना मारायला सांगायचं, ते चालत येईपर्यंत आपले पट उरकायचे. बॉल शोधत असाल तर तीन मिनिटं संपायची वाट न बघता हात करा.

सांगायचं कसं

हा सगळ्यात नाजूक भाग, कारण हळू खेळणारा बहुतेक वेळा वयाने किंवा हुद्द्याने मोठा असतो. मागून त्यांच्या अंगावर बॉल मारणं हा उपाय नाही, ते चुकीचंच आहे आणि डोकं फुटू शकतं. ओरडायचं नाही, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं नाही. पुढचा टी येईपर्यंत थांबा, जवळ जा आणि नमस्कार करून बोला: "सर, पुढचा होल रिकामा दिसून राहिला, आम्ही जाऊ का?" बहुतेक जण हो म्हणतात, त्यांना खरंच माहीत नसतं. नाही म्हटलं तर वाद न घालता मार्शल (कोर्सवर लक्ष ठेवणारा) किंवा स्टार्टरला (पहिल्या टीवरून ग्रुप सोडणारा) सांगा.

आपल्याच ग्रुपमधला हळू असेल तर "तुम्ही" म्हणूच नका, "आपण" म्हणा. "काका, आपण जरा मागे पडलो, पुढच्या दोन होलमध्ये गाठून घेऊ." आणि मग हातभार लावा, त्यांचा बंकर तुम्ही रेक करा, फ्लॅग तुम्ही धरा. नवीन खेळाडू असेल तर त्याला एकदाच, बाजूला घेऊन सांगा, प्रत्येक शॉटला "लवकर लवकर" केलं तर तो घाबरतो आणि तीन शॉट जास्त मारतो.

कमिटीत असाल तर एक विनंती. आठ-आठ मिनिटांनी फोरबॉल सोडले तर सगळे कितीही चपळ असले तरी पहिल्या पार ३ वर गर्दी होणारच. मध्ये दोन-तीन मिनिटं वाढवा, उन्हाळ्यात शेवटचा टी टाइम लवकरचा ठेवा, आणि दर तीन-चार होलला पाण्याचा माठ, खेळाडूंसाठी आणि कॅडींसाठी सुद्धा.

शेवटचं काम सोपं आहे. स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात वेळ लिहायची: निघालो कधी, नऊ होल झाले कधी, संपलं कधी. चार रविवार लिहिली की कोणत्या नऊमध्ये वेळ जातो ते आपोआप दिसतं. आमच्या मागच्या कार्डावर ५:४०, ७:४५ आणि ९:५० असं आहे, आणि सव्वादहाला आम्ही आणि आमचे दोन्ही कॅडी भाऊ सावलीत बसून तर्री पोहे खात होतो.