खाजण सरोवरातील माशांची लांबी आणि वजन यांचे नाते कसे काढावे

माशाची लांबी दुप्पट झाली म्हणून त्याचे वजन दुप्पट होत नाही. अंगकाठीचे प्रमाण तेच राहिले तर ते आठपट होते, कारण लांबीबरोबर उंची आणि जाडीही वाढत जाते. लांबीचा ‘ब’ हा घात घेऊन त्याला ‘अ’ या स्थिरांकाने गुणले की वजन मिळते, असे हे सूत्र आहे. १० सेंटिमीटरचा मासा १० ग्रॅमचा असेल, तर २० सेंटिमीटरला तो ‘ब’ ३ असताना ८० ग्रॅम, २.८ असताना सुमारे ७० आणि ३.२ असताना सुमारे ९२ ग्रॅम भरेल. बहुतेक जातींमध्ये ‘ब’ २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान येतो. उत्तर त्याबाहेर गेले, तर माशापेक्षा आपल्या मोजणीवर आधी संशय घ्यावा.

पहिले काम नमुना गोळा करण्याचे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. एकाच आसाच्या (भोकांच्या एकाच मापाच्या) गिलनेटमध्ये, म्हणजे मासा कल्ल्यांपाशी अडकतो अशा उभ्या जाळ्यात, लहान माशांपैकी तेवढे गुबगुबीत आणि मोठ्यांपैकी तेवढे सडपातळ अडकतात, त्यामुळे ‘ब’ खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून वेगवेगळ्या आसांची जाळी वापरावी, किंवा पाग (फेकायचे जाळे) आणि ओढून आणायचे जाळे यांची जोड द्यावी. खाजण सरोवरात, म्हणजे समुद्राला अरुंद मुखाने जोडलेल्या किनाऱ्यावरच्या उथळ सरोवरात, आणखी एक अडचण असते. बोईसारख्या जातींची पिल्ले समुद्रातून आत येतात, वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा बाहेर जातात. त्यामुळे सरोवरात सर्व लांबीचे मासे एकाच वेळी क्वचितच सापडतात. शिवाय मुख उघडे आहे की वाळूने बुजले आहे, यावर पाण्याचा खारेपणा आणि अन्न बदलते. हे लक्षात घेऊन वेगवेगळ्या ऋतूंत नमुने घ्यावेत आणि प्रत्येक जातीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा.

लांबी मोजण्यासाठी एका टोकाला उभी पट्टी असलेली मोजफळी घ्यावी. मासा उजव्या कुशीवर, तोंड मिटलेले आणि मुस्कट पट्टीला टेकलेले, असा सरळ ठेवावा. शेपटीच्या टोकापर्यंतची ती एकूण लांबी. शेपटीच्या पाती सुरू होतात तिथपर्यंतची ती प्रमाण लांबी. कोणतीही चालेल, पण पहिल्या माशापासून शेवटच्या माशापर्यंत तीच हवी. शेपटी झिजलेली किंवा कुरतडलेली असेल, तर एकूण लांबीवर विसंबू नये.

वजन करण्यापूर्वी मासा ओल्या, पिळलेल्या कापडाने टिपावा आणि तोंडातले, कल्ल्यांतले पाणी झटकून टाकावे. आठ ग्रॅमच्या माशाला पाच-पाच ग्रॅमच्या खुणांचा काटा निरुपयोगी, तिथे ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. बोई तळाचा गाळ गिळते, त्यामुळे भरल्या पोटी ती जड भरते. पोट भरलेले आहे का, गाभोळी आहे का, हे वहीत लिहून ठेवले तर पुढे विचित्र आकड्याचा उलगडा होतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या माशाची लांबी आणि वजन दोन्ही बदलतात, तेव्हा ताजे आणि मुरवलेले मासे एकत्र मोजू नयेत.

आता आकडेमोड. लांबी आणि वजन या दोन्ही रकान्यांचा १० पायाचा लघुगणक (लॉग) काढून आलेख मांडला की वक्ररेषा सरळ होते. रेषेपासून फार लांब पडलेला ठिपका दिसला, तर आधी वही तपासावी. बहुधा दशांशचिन्ह सरकलेले असते. मग स्प्रेडशीटमधून रेषेचा उतार आणि इंटरसेप्ट (रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती किंमत) काढावा. उतार म्हणजे ‘ब’, आणि इंटरसेप्ट जितका, १०चा तितकावा घात म्हणजे ‘अ’. समजा उतार २.९५ आणि इंटरसेप्ट -१.९५ आला, तर ‘अ’ सुमारे ०.०११२ होतो आणि २० सेंटिमीटरच्या माशाचे वजन सुमारे ७७ ग्रॅम निघते.

या उदाहरणात ‘ब’ ३ पेक्षा कमी आला म्हणून मासा वाढताना सडपातळ होतो, असे लगेच म्हणू नये. उताराच्या ९५ टक्के विश्वास-अंतरालात, म्हणजे खरा उतार ज्या दोन मर्यादांमध्ये असावा असे नमुन्यावरून ठरते त्या टप्प्यात, ३ सापडत असेल, तर फरक सिद्ध झालेला नसतो. सूत्रही फक्त मोजलेल्या लांबीच्या टप्प्यातच वापरावे: ८ ते २५ सेंटिमीटरच्या माशांवरून काढलेले सूत्र ४० सेंटिमीटरच्या माशाला लावू नये. ‘अ’ सांगताना लांबीचा प्रकार आणि एकक यांचा उल्लेख हवाच, कारण सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर घेतल्यास ‘ब’ तोच राहतो, पण ‘अ’ जवळपास हजारपटीने लहान होतो.