पेटीमास्तरांची चित्रं विकताना

आमचे मास्तर पेटी वाजवतात, चित्रंही काढतात. कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात त्यांचं प्रदर्शन लावलं तेव्हा एक कळलं: त्यांना भाव सांगू द्यायचा नाही. कुणी 'वा!' म्हटलं की चित्र फुकट देऊन मोकळे. दर आधीच लिहून काढा, फ्रेमसकट की फ्रेमशिवाय तेही. मागे पेन्सिलीनं नाव, माध्यम, माप, वर्ष. चित्र विकल्याची लाल टिकली अर्धे पैसे हातात आल्यावरच लावा. नुसत्या 'ठेवा बाजूला'वर नाही. आपल्याकडच्या पावसात ओल धरलेल्या भिंतीला जलरंग चिकटून टांगू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. आणि पेटी शेवटच्या तासाला. आधी वाजली तर लोक डोळे मिटून ऐकत बसतात.