नेटवर्कवरच्या फोल्डरवर नजर ठेवताना या चुका टाळा

फोल्डरमध्ये नवी फाइल आली की ती उचलून पुढचं काम करणारा प्रोग्राम स्वतःच्या मशिनवर झकास चालतो. तोच एनएफएसने (दुसऱ्या मशिनवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची पद्धत) जोडलेल्या फोल्डरवर लावला की गप्प बसतो. एरर येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही, आणि ‘एलएस’ने यादी काढली तर फाइल समोर दिसते. मग लोक आधी परवानग्या तपासतात, नंतर फायरवॉल, आणि शेवटी लायब्ररीची आवृत्ती बदलून बघतात. दोष यांपैकी कशातच नसतो.

लिनक्समध्ये बदलांची खबर इनोटिफाय देतं. २००५ साली कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) २.६.१३ आवृत्तीत ते आलं. ही खबर तुमच्याच कर्नलमधून जाणाऱ्या कामांवरून तयार होते: कुणी फाइल उघडली, लिहिली, तिचं नाव बदललं, की त्या वाटेवर इनोटिफायला कळतं. दुसऱ्या मशिनने सर्व्हरवर फाइल लिहिली, तेव्हा तुमच्या कर्नलमधून काहीच गेलेलं नसतं. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘फाइल बदलली’ असं क्लायंटला (फोल्डर जोडून घेणाऱ्या मशिनला) आपणहून कळवण्याची सोयच नाही. ४.१ आवृत्तीच्या प्रमाणात डिरेक्टरीच्या सूचनांची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर प्रोग्राम लिहू नका. इनोटिफायच्या मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलंय की नेटवर्क फाइल सिस्टिमवर दूरच्या मशिनने केलेले बदल कळणार नाहीत, तिथे पोलिंग करा. म्हणजे ठरावीक वेळाने स्वतः जाऊन बघा.

त्याच मशिनवरून चाचणी घेणं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. ज्या मशिनवर प्रोग्राम चालू आहे तिथूनच माउंट केलेल्या (म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या) फोल्डरमध्ये ‘टच’ कमांडने फाइल बनवली, तर खबर येते, कारण तो बदल तुमच्याच कर्नलमधून गेलेला असतो. चाचणी पास होते, आणि खरं काम सुरू झालं की सगळं ठप्प. चाचणीची फाइल नेहमी दुसऱ्या मशिनवरून टाका. फोल्डर नक्की कुठल्या फाइल सिस्टिमवर आहे हे ‘फाइंडएमएनटी’ला त्याचा पत्ता देऊन तपासा. एसएसएचएफएस (एसएसएचवरून जोडलेलं फोल्डर), डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) मधून दिसणारी विंडोजची ड्राइव्ह, व्हर्च्युअल मशिनचे शेअर्ड फोल्डर यांनाही हाच आजार आहे. जीएनयूचं ‘टेल -एफ’ फाइल सिस्टिमचा प्रकार ओळखून दूरच्या फाइलसाठी आपोआप पोलिंगवर जातं. बाकीच्या अवजारांना सहसा सांगावं लागतं: नोडच्या चोकिडारमध्ये ‘यूज पोलिंग’ चालू करा, पायथनच्या वॉचडॉगमध्ये ‘पोलिंग ऑब्झर्व्हर’ घ्या.

दर सेकंदाला पोलिंग करून ताजी माहिती मिळेल असं धरणं

एनएफएस क्लायंट फाइलचा आकार, वेळ वगैरे तपशील स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो. लिनक्समध्ये काही सेटिंग बदललं नाही तर फाइलसाठी ही मुदत ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीसाठी ३० ते ६० सेकंद असते. म्हणजे तुम्ही सेकंदाला दहा वेळा ‘स्टॅट’ केलंत (फाइलचे तपशील विचारलेत) तरी उत्तर जुन्या कॅशमधूनच येऊ शकतं. मग कुणीतरी ‘नोएसी’ पर्याय लावायला सांगतं. त्याने कॅश बंद होते, पण त्या माउंटवरचं लेखनही सिंक्रोनस होतं (प्रत्येक लेखन सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबावं लागतं) आणि वेग चांगलाच पडतो. त्यापेक्षा फक्त त्या माउंटला ‘एसीटाइमओ’ (कॅशची मुदत ठरवणारा पर्याय) चार-पाच सेकंद द्या आणि पोलिंगही त्याच अंतराने करा. ठरावीक एकाच फाइलवर लक्ष असेल, तर ती उघडून मग ‘एफस्टॅट’ (उघडलेल्या फाइलवरचा स्टॅट) करा: फाइल उघडताना क्लायंट सर्व्हरला ताजी माहिती विचारतो.

‘अमुक फाइल आली का’ असं पुन्हापुन्हा विचारणाऱ्या प्रोग्रामला आणखी एक खड्डा आहे. ‘फाइल नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये राहतं. तिथे ‘लुकअपकॅश=पॉझिटिव्ह’ हा माउंट पर्याय कामाला येतो.

‘मागच्या वेळेपेक्षा नवी’ एवढीच तुलना करणं

फाइलवरची वेळ बहुतेकदा सर्व्हरच्या घड्याळाची असते आणि तुलना तुमच्या घड्याळाशी होते. दोन्हींत फरक असला की काही फाइली कायमच्या सुटतात. घड्याळं जुळलेली असली तरी ‘सीपी -पी’, ‘आरसिंक -ए’ किंवा टार फाइलची जुनी वेळ तशीच ठेवतात, त्यामुळे आत्ता आलेली फाइल गेल्या वर्षीची दिसते. म्हणून प्रत्येक फाइलचा आयनोड (फाइल सिस्टिममधला तिचा क्रमांक), आकार, एमटाइम (मजकूर बदलल्याची वेळ) आणि सीटाइम (मजकूर किंवा तपशील बदलल्याची वेळ) नोंदवून ठेवा आणि ‘नवी आहे का’ ऐवजी ‘वेगळी आहे का’ हे बघा. एमटाइम कुणालाही मागे नेता येतो. सीटाइम तसा हवा तो देता येत नाही. काही फाइल सिस्टिममध्ये वेळेची नोंद फार ढोबळ असते, फॅटमध्ये तर २ सेकंदांची. तेवढ्यात त्याच आकाराचा दुसरा मजकूर लिहिला गेला तर फरक दिसत नाही, म्हणून महत्त्वाच्या फाइलींचा हॅशही (मजकुरावरून काढलेला ठसा) काढा. सगळ्याच फाइलींचा काढू नका, प्रत्येक फेरीत सगळा डेटा नेटवर्कवरून ओढला जाईल.

अर्धी फाइल उचलणं

पोलिंगमध्ये ‘लिहून झालं’ अशी खूण मिळत नाही. आकार दोन फेऱ्यांत तोच राहिला म्हणजे काम संपलं, हा फक्त अंदाज आहे: लिहिणारा क्लायंट डेटा स्वतःकडे साठवून एकदम पाठवतो, त्यामुळे आकार मध्येच स्थिर दिसू शकतो. लिहिणाऱ्याशी बोलता येत असेल तर एकच गोष्ट मागा: त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. आरसिंक मुळातच असं करतं, त्याच्या तात्पुरत्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं. टिंबाच्या फाइली वगळल्यात तर ‘.एनएफएस’ने सुरू होणाऱ्या फाइलीही वगळल्या जातात. उघडी असलेली फाइल पुसली की क्लायंट तिला तसं नाव देऊन ठेवतो. लिहिणाऱ्यावर ताबा नसेल तर फाइलचा शेवट तपासा. झिपची यादी फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे अर्धवट झिप सहसा उघडतच नाही.

शक्य असेल तर या सगळ्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे नजर ठेवणारा प्रोग्राम थेट सर्व्हरवर, जिथे डिस्क आहे तिथे चालवणं. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर क्लायंटने केलेल्या बदलांची खबर इनोटिफायला मिळते. मात्र तिथे ‘लिहून बंद केली’ या घटनेवर विसंबू नका, कारण तिसऱ्या आवृत्तीत फाइल उघडणं-बंद करणं हे सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. नाव बदलल्याची घटनाच पकडा.

एसएमबी आहे म्हणून निश्चिंत राहणं

एसएमबीमध्ये (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीत) बदल कळवण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच आहे आणि विंडोजवरून ती चालते. पण नेटवर्कवर तिचा बफर (घटना साठवण्याची जागा) ६४ केबीपेक्षा मोठा ठेवता येत नाही. एकदम शेकडो फाइली आल्या की तो भरतो आणि त्यातल्या घटना हरवतात. डॉटनेटच्या फाइलसिस्टिमवॉचरमध्ये बफर मुळात ८ केबीचाच असतो, आणि भरल्याची सूचना ‘एरर’ इव्हेंटमधून येते. अनेकांच्या कोडमध्ये तो इव्हेंट जोडलेलाच नसतो. तो जोडा. तो आला की, आणि कनेक्शन तुटून पुन्हा जुळलं की, पूर्ण फोल्डर नव्याने वाचा. लिनक्सवर एसएमबी माउंट केलं असेल तर तिथेही इनोटिफायला दूरचे बदल दिसत नाहीत.

रिकामं फोल्डर खरं मानणं

माउंट सुटला की त्या जागी खालचं रिकामं फोल्डर उरतं. प्रोग्रामला वाटतं सगळ्या फाइली पुसल्या गेल्या, आणि तो सिंक करणारा असेल तर दुसरीकडच्या प्रतीही पुसून टाकतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण-फाइल जागेवर आहे का ते बघा. नसेल तर ती फेरी सोडून द्या.

सर्व्हरच बंद पडला तर हार्ड माउंटवरचा (सर्व्हरची वाट बघत राहणाऱ्या जोडणीवरचा) स्टॅट सर्व्हर परत येईपर्यंत अडकून राहतो. म्हणून फोल्डर वाचण्याचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर मुख्य प्रोग्रामने इशारा द्यावा. या अडकण्यावर उपाय म्हणून सॉफ्ट माउंट (काही वेळाने प्रयत्न सोडून एरर देणारा) लावू नका: लिहिणं मध्येच सोडून दिलं जातं, आणि एररकडे लक्ष न देणारा प्रोग्राम खराब फाइल चांगली समजून पुढे जातो.