लिंग्विस्टिक्समध्ये (भाषाविज्ञानात) एमए करायचंय? मग तयारी अशी करा

बीए कशात केलंय याचं टेन्शन आधी सोडा. साहित्यवाले येतात, संस्कृतवाले येतात, इंजिनिअरिंग केलेलेही येतात, आणि ध्वनिशास्त्र नि वाक्यरचना पहिल्या सेमिस्टरला बहुतेकांना नवीनच असतं. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, मुंबई विद्यापीठात विभाग आहे, बाहेर जायची तयारी असेल तर जेएनयू, दिल्ली, हैदराबाद. बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा लागते. पण नाव बघून फॉर्म भरू नका, तिथले प्राध्यापक कशावर काम करतात ते बघा, कारण पुढे डिझर्टेशनला (एमएच्या संशोधन प्रबंधाला) गाईड त्यांच्यातूनच मिळणार.

आता खरी तयारी. थिअरीची पुस्तकं पाठ करत बसण्यापेक्षा स्वतःच्या बोलण्याकडे कान द्या, मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'मी भाकरी खाल्ली', 'तू भाकरी खाल्लीस', 'त्याने भाकरी खाल्ली' ही तीन वाक्यं घ्या. 'ने' फक्त तिसऱ्यातच का? क्रियापद भाकरीप्रमाणे स्त्रीलिंगी झालंय, मग 'खाल्लीस'मधला 'स' कुठून आला, तो तर 'तू'चा आहे, म्हणजे एकच क्रियापद दोघांशी जुळवून घेतंय! आणि गावाकडे अजून 'म्या खाल्ली' ऐकू येतं, म्हणजे 'मी'लाही तिथे वेगळं रूप आहे. अशी वाक्यं वहीत लिहून ठेवा, कोण बोललं, कुठल्या गावचं, वय किती, तेही लिहा. वर्गात अर्गेटिव्ह (म्हणजे 'त्याने'मधल्या 'ने'सारखं कर्त्याचं वेगळं रूप) शिकवायला लागतील तेव्हा तुमच्याकडे आधीच डेटा असेल.

फिल्डवर्कला जाताना आधी माणसाची परवानगी घ्या, रेकॉर्डिंग कशासाठी वापरणार ते नीट समजावून सांगा. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात' एवढंच विचारत राहिलात तर लोक प्रमाण मराठीत उत्तरं देतात, त्यापेक्षा लहानपणची गोष्ट सांगायला सांगा, पेरणीचं विचारा, माणूस रंगला की खरी बोली येते. रेकॉर्डिंग वेव्ह फाईलमध्येच करा, व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट कॉम्प्रेस केलेली असते, उच्चार मोजायला ती चालत नाही. मोजायला प्रात आणि ऐकून लिहून काढायला ईलान, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, सुट्टीतच शिकून घ्या. आणि लिहून काढायला रेकॉर्डिंगच्या कितीतरी पट वेळ लागतो, तो धरूनच प्लॅन करा.

डिझर्टेशनचा विषय छोटा घ्या. 'मराठीच्या बोली' हा विषय नाही होत, 'अमुक तालुक्यात म्या कोण वापरतं, कोण नाही' हा होतो.

पीएचडी करायची असेल तर दुसऱ्या वर्षापासून नेट या यूजीसीच्या पात्रता परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, लिंग्विस्टिक्स हा त्यात वेगळा विषय आहे, आणि जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर फेलोशिपचे पैसे दर महिन्याला येतात.