वाढत्या नागपुरात तरुणांचे प्रजनन आरोग्य, रोजगार आणि पर्यावरण यांचे काम एकत्र कसे उभे करावे

नागपुरात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या बहुतेक संस्था आणि मंडळे एकच विषय धरून चालतात. कोणी किशोरवयीन मुलींसाठी आरोग्य शिबिरे घेते, कोणी शिवणकामाचे किंवा संगणकाचे वर्ग चालवते, तर कोणी नाग नदी आणि तलावांच्या स्वच्छतेसाठी माणसे जमवते. महानगरपालिकेतही या कामांच्या फायली वेगळ्या आणि अधिकारी वेगळे असतात. परंतु नाल्याकाठच्या वस्तीतील एखादी तरुणी पहाटे कचरा वेचायला किंवा कळमन्याच्या बाजारात माल निवडायला जाते, तेव्हा तिला तासन्‌तास शौचालय मिळत नाही. म्हणून ती पाणीच कमी पिते, त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, पाळीच्या दिवसांत कामावर जाणे टळते आणि तेवढी मजुरी बुडते. वापरलेले पॅड टाकायला ठिकाण नसल्यामुळे ते शेवटी नाल्यातच जाते. हे तीनही प्रश्न तिच्यावर एकदमच येतात, म्हणून त्यांवरचे कामही एकाच गटाने आणि एकाच बैठकीत करावे, असे माझे मत आहे. ते प्रत्यक्षात कसे करता येईल, याचे हे मार्गदर्शन आहे.

आधी हेतू स्पष्ट करावा

पर्यावरण आणि प्रजनन आरोग्य हे शब्द शेजारी आले की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच ‘लोकसंख्या नियंत्रण’ येते, आणि गरीब वस्तीत हा संशय अगदी रास्त आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही, पण त्या काळची भीती घराघरांत पुढे चालत आली. वस्तुस्थितीही या संशयाच्या बाजूने आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ आहे; ती लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या पातळीपेक्षा कमी. गोंदिया, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडातून कामासाठी येणारी माणसे आणि शेतजमिनींवर पसरत जाणारे लेआउट पाहता, शहराच्या वाढीचा दोष वस्तीतल्या पाळण्यांना देणे चुकीचे आहे. ‘मुले कमी तर नदी स्वच्छ’ अशा अर्थाचे एकही वाक्य फलकावर किंवा भाषणात येऊ देऊ नये.

आपला हेतू निवडीच्या स्वातंत्र्याचा आहे. लग्न केव्हा करायचे, मूल केव्हा आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी माहिती तरुणांच्या हाती असावी. ही भूमिका बाहेरून आणण्याची गरज नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, आणि १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, जो त्या वेळी फेटाळला गेला. दीक्षाभूमीच्या या शहरात, इंदोरा किंवा पाचपावलीसारख्या भागात, या परंपरेचा उल्लेख बैठकीत केला तर विषय परका राहत नाही.

वस्ती निवडणे आणि फिरून पाहणे

सुरुवात एकाच वस्तीपासून करावी. दोनशे ते तीनशे घरे आणि त्यांच्या लगत नाला, तलाव किंवा नदीचा काठ असेल अशी वस्ती सोयीची पडते, कारण तिथे पर्यावरणाचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. अंबाझरी तलावाच्या सांडव्याखाली राहणाऱ्यांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पूर आजही आठवतो. पिवळी नदीकाठी, पोरा नदीकाठी किंवा भांडेवाडीच्या कचरा डेपोभोवती तो प्रश्न वेगळ्या रूपात दिसेल.

पहिले दोन आठवडे कोणतेही शिबिर न घेता वस्तीतल्याच अठरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींबरोबर फिरावे आणि हाताने नकाशा काढावा. पाण्याचा नळ, सार्वजनिक शौचालय, त्याचा दिवा चालतो की नाही, कचरागाडी कुठपर्यंत येते, मुली कोणत्या वाटेने जायला घाबरतात, गर्भनिरोधक गोळ्या किंवा निरोध कुठल्या औषध दुकानात मिळतात, कामाचे ठेकेदार सकाळी कुठे उभे राहतात, हे सर्व एकाच कागदावर यावे. मुलींचा आणि मुलांचा नकाशा वेगवेगळा काढून घ्यावा, कारण दोघांना दिसणारी वस्ती एक नसते. हे नकाशे शेजारी ठेवले की कोणत्या ठिकाणी तिन्ही विषय एकमेकांना भिडतात ते आपोआप कळते आणि कामाची सुरुवात त्याच ठिकाणाहून होते.

असा सांधा सापडणे हे या पद्धतीचे मर्म आहे. फिलिपिन्सच्या पालावान प्रांतात २००० च्या दशकात किनारा संवर्धन आणि कुटुंब नियोजन यांचे काम काही ठिकाणी वेगवेगळे, तर काही ठिकाणी एकत्र करून पाहिले गेले, आणि एकत्रित कामाचा परिणाम अधिक चांगला दिसला. तिथे सर्वांचे पोट एकाच समुद्रावर होते. नागपूरच्या वस्तीत तसा एकच आधार नसतो, म्हणून लोकांना जोडणारा धागा मुद्दाम शोधावा लागतो.

दोन सांधे जे जवळजवळ सर्वत्र सापडतात

पहिला सांधा म्हणजे पाळी, शौचालय आणि कचरा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले पॅड कागदात किंवा पिशवीत नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली. पण ज्या घरात स्वतंत्र न्हाणीघर नाही, तिथे हे गुंडाळणे सर्वांच्या देखत करावे लागते, म्हणून ते होत नाही. यावर उपदेशाने काही साधत नाही. सार्वजनिक शौचालयाच्या महिला विभागात झाकणाची बादली, जुनी वर्तमानपत्रे, आतून लागणारी कडी, दिवा आणि पाणी या पाच गोष्टी मिळवाव्यात, आणि ती बादली रोज कचरागाडीपर्यंत नेण्याचे काम मोबदला देऊन ठरवावे. पॅड उघड्यावर जाळू नयेत. त्यातील प्लॅस्टिकमुळे विषारी धूर होतो. सोबत सुती कापडाचे धुण्याजोगे पॅड आणि मेन्स्ट्रुअल कप यांची माहिती द्यावी, परंतु हेही सांगावे की कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवता आले तरच ते सुरक्षित राहते. पर्यावरणाच्या नावाखाली, पाणी आणि आडोसा नसलेल्या मुलीवर कापडाची सक्ती करणे अन्यायाचे आहे.

दुसरा सांधा उन्हाचा. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि पत्र्याच्या घरात रात्रीही उष्मा उतरत नाही. गरोदरपणात अति उष्णता सोसल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. भट्टीजवळ किंवा तापलेल्या जागी दीर्घकाळ काम करणाऱ्या पुरुषांच्या शुक्राणूंवरही परिणाम होऊ शकतो, आणि ही गोष्ट तरुण मुलांना सांगितली की ते प्रजनन आरोग्याच्या चर्चेत खऱ्या अर्थाने सामील होतात. येथे करण्यासारखे पुष्कळ आहे: पत्र्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा थर, कामाची वेळ पहाटे आणि संध्याकाळी, गरोदर स्त्रियांची आशाताईंकडे असलेली यादी पाहून उन्हाळ्यात घरभेटी, सावलीसाठी कडुनिंब किंवा करंजाची लागवड. छताला रंग देण्याचे काम उन्हाळ्यापूर्वी प्रशिक्षित तरुणांना मजुरीने दिले, तर रोजगारही त्यातूनच निघतो. कूलरच्या टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून ती कोरडी करावी, म्हणजे डेंग्यूचे डास वाढणार नाहीत.

भांडेवाडीच्या परिसरात किंवा भंगाराच्या दुकानांजवळ काम करणाऱ्यांसाठी आणखी एक धोका नोंदवावा लागेल. जुन्या बॅटऱ्या फोडणे आणि तांब्यासाठी वायर जाळणे यांतून शिसे शरीरात जाते, आणि ते गर्भापर्यंत पोहोचते. गरोदर किंवा गरोदर होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने हे काम करू नये. पण तेवढे सांगून थांबू नये, तिला पर्यायी काम मिळवून द्यावे, नाहीतर सल्ला ऐकूनही ती तेच काम करील.

आरोग्यसेवेशी जोडणी

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून दहा ते एकोणीस वयोगटासाठी चालतो आणि महाराष्ट्रात त्याखालील समुपदेशन केंद्रांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. शहरी भागात साधारण पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, वस्तीत आशाताई आणि पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती अशी रचना आहे. आपल्या गटाने नवे केंद्र काढण्याऐवजी या रचनेला मदत करावी. केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून आठवड्यातील एक संध्याकाळ तरुणांसाठी राखून घ्यावी, कारण काम करणारी मुले सकाळच्या ओपीडीला येऊ शकत नाहीत. पुढच्या उपचारांसाठी डागा स्त्री रुग्णालय, मेयो आणि मेडिकल ही सरकारी रुग्णालये आहेत. पहिल्या वेळी मुलीसोबत गटातील एक ताई जावी.

गर्भनिरोधक साधनांची माहिती नेमकी असावी. निरोध हे लैंगिक संसर्गापासूनही संरक्षण देणारे साधन आहे. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यावे लागते; ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते; तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. कोणते साधन कोणाला योग्य हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे, गटाने नव्हे.

कायद्याबाबत मात्र कार्यकर्त्यांनी अजिबात ढिलाई करू नये. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला, ती अविवाहित असली तरी, गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत, आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस ते चोवीस आठवड्यांत ठराविक परिस्थितींत दोन डॉक्टरांचे मत आवश्यक असते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीचा लाभ अविवाहित स्त्रियांनाही असल्याचे स्पष्ट केले. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि पोक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्यानुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती कळलेल्या व्यक्तीवर ती कळवण्याचे बंधन आहे. मात्र त्याच निकालानुसार, मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांना अहवालात तिची ओळख उघड करावी लागत नाही. म्हणून अल्पवयीन मुलीला ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन आधी देऊन तिला बोलते करू नये. आपण काय गुप्त ठेवू शकतो आणि काय नाही, हे संभाषणाच्या सुरुवातीलाच सांगावे आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक द्यावा. हे ऐकून काही मुली गप्प होतील, परंतु विश्वास मोडल्यावर पूर्ण वस्तीच गप्प होते.

रोजगार: आधी गिऱ्हाईक, मग प्रशिक्षण

प्रशिक्षण देऊन मोकळे होण्याची सवय फार नुकसान करते. शिलाई यंत्रे वाटण्यापूर्वी माल कोण घेणार, कोणत्या भावाने आणि वर्षातील किती महिने, हे लेखी ठरवावे. कळमन्यातील भाजीचा आणि मंदिरांतील निर्माल्याचा कचरा हाताळणे, रोपवाटिका, नळदुरुस्ती, सौर पॅनेलची जोडणी आणि स्वच्छता, सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण ही या शहरात मागणी असलेली कामे आहेत. आयटीआय, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि बचत गट यांच्यामार्फत त्यांना आधार मिळू शकतो. प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत: कामाच्या जागी शौचालय आहे का, मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते का, आणि गरोदरपणात तिला हलके काम मिळेल का. हातात स्वतःचे पैसे आले की मुलीचे लग्न पुढे ढकलण्याविषयी घरात बोलणे शक्य होते, आणि ज्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, तिथे ही गोष्ट लहान नाही.

मुलांसाठी बैठकीची वेळ आणि जागा वेगळी असते. हमाली, ई-रिक्षा किंवा डिलिव्हरी करणारी मुले रात्री नऊनंतर पानठेल्यावर भेटतात. तिथे निरोध, व्यसन आणि जोडीदाराची संमती या विषयांवर बोलणारा माणूस त्यांच्याच वयाचा आणि त्यांच्याच कामातला असावा.

नोंदी आणि हिशेब

साधनांचे उद्दिष्ट ठरवून आकडे गोळा करू नयेत. केंद्र सरकारनेच १९९६ मध्ये अशी उद्दिष्टे मागे घेतली आहेत. एका वहीत तीन रकाने पुरेसे आहेत: या महिन्यात किती जण केंद्रात गेले आणि किती जणांना उपचार किंवा सल्ला न मिळता परत यावे लागले, किती जणांना सलग तीन महिने काम मिळाले, शौचालयाची बादली किती दिवस उचलली गेली. नावे वहीत लिहू नयेत, क्रमांक वापरावेत. परत पाठवलेल्यांचा आकडा दर महिन्याला वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि न उचललेल्या बादलीचे दिवस झोन कार्यालयाला, तारखांसह लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.

महिला आरोग्य समितीला वर्षाला मिळणारा ५,००० रुपयांचा अबंधित (गरजेप्रमाणे खर्चता येणारा) निधी लहान आहे, पण दिवा, कडी आणि बादली यांना पुरतो. त्याचा खर्च समितीच्या बैठकीत ठरवून हिशेब वस्तीत वाचून दाखवावा. गटातील तरुण चोवीस-पंचवीस वर्षांचे झाले की लग्न, नोकरी किंवा घरबदल यांमुळे बाहेर पडतात, म्हणून दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक जबाबदारीवर एका मोठ्या आणि एका लहान वयाच्या सदस्याची जोडी नेमावी, आणि केंद्रातील डॉक्टर, आशाताई, झोनचे स्वच्छता निरीक्षक आणि काम देणारे व्यापारी यांच्याशी नव्या सदस्याची ओळख जुन्याने स्वतः नेऊन करून द्यावी.