संयुक्त समितीकडे गेलेल्या विधेयकावर सूचना कशी लिहावी

महाराष्ट्र विधानमंडळाच्या एका अधिवेशनात विधेयके बरीच मांडली जातात, पण बहुतेक थेट सभागृहात चर्चेला येतात आणि काही दिवसांत मंजूरही होतात. समितीकडे जाणारी थोडीच. म्हणून आधी दिवसाच्या कामकाजाचा क्रम बघा. 'विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे विचारार्थ पाठवावे' असा प्रस्ताव संमत झाला असेल, तरच समितीला लिहिण्यात अर्थ आहे. वर्तमानपत्रे हिलाच संयुक्त चिकित्सा समिती म्हणतात. प्रस्ताव झाला नसेल तर पत्र संबंधित विभागाला आणि आपल्या आमदारांना द्यावे. अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक समितीकडे जाण्याची शक्यता आणखी कमी असते. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेशाची मुदत संपते, त्यामुळे सरकार घाईत असते.

समितीकडे एकाहून अधिक विधेयके असतील तर सगळ्यांवर दोन-दोन ओळी पाठवू नका. ज्या विधेयकाचा तुमच्या कामाशी रोजचा संबंध आहे ते एकच घ्या. दोन विधेयकांवर लिहायचेच असेल तर दोन स्वतंत्र पत्रे करा. एका पत्रात दोन्ही विषय आले की सूचनांचे संकलन करताना दुसरा हमखास निसटतो.

कोणती प्रत वाचायची

मांडलेल्या विधेयकाची छापील प्रत लागते, बातमीतला सारांश चालत नाही. प्रतीवर 'सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक ३३' अशा धर्तीचा क्रमांक असतो. तो जुळवून पाहा, कारण एकाच नावाचे विधेयक दोनदा येऊ शकते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले आणि विधानसभेची मुदत संपताना व्यपगत झाले. अनुच्छेद १९६ नुसार अधिवेशन संस्थगित झाल्याने, म्हणजे अधिवेशन संपल्याने, विधेयक मरत नाही, पण विधानसभेत प्रलंबित असलेले विधेयक ती विसर्जित झाल्यावर संपते. डिसेंबर २०२४ मध्ये ते नव्याने मांडावे लागले. जुनी प्रत समोर ठेवून लिहिले की खंडांचे (विधेयकातल्या कलमांचे) क्रमांक चुकू शकतात, आणि क्रमांक चुकलेली सूचना कुठे जोडायची हे कोणालाच कळत नाही.

वाचनाची सुरुवात शेवटच्या पानांपासून करा. 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' सरकारला काय साधायचे आहे ते सांगते. 'वित्तीय ज्ञापन' खर्च सांगते. 'प्रत्यायुक्त विधिविधानासंबंधीचे ज्ञापन' हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि खरा मसाला अनेकदा तिथेच असतो: कोणत्या गोष्टी नंतर नियमांनी किंवा अधिसूचनेने ठरणार, याची ती यादी असते. शुल्क, मुदत, अपिलाची पद्धत असे महत्त्वाचे मुद्दे त्या यादीत दिसले, तर ते मूळ विधेयकातच आणा, अशी तुमची पहिली सूचना तयार झाली.

मग व्याख्यांचा खंड. 'यात अंतर्भूत आहे' या शब्दांनी व्याख्या मोकळी राहते, 'म्हणजे' या शब्दाने ती बंद होते. क्रियापदावर बोट ठेवून वाचा. 'करील' असेल तर अधिकाऱ्यावर बंधन आहे, 'करता येईल' असेल तर त्याची मर्जी. 'विहित करण्यात येईल अशा' म्हणजे नियम येईपर्यंत काहीच ठरलेले नाही. 'अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी' हे शब्द दिसले की हा कायदा कशावर वरचढ ठरणार ते शोधा. दंडाच्या खंडात दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) हे दोन शब्द शिक्षेच्या वर्षांइतकेच वजनदार आहेत. संशय आला तर इंग्रजी प्रतही उघडा. अनुच्छेद ३४८ मुळे कायद्याच्या इंग्रजी पाठाला अधिकृत स्थान आहे, आणि मराठीत सौम्य वाटणारा शब्द तिकडे कडक निघू शकतो.

समिती काय करू शकते

समिती मजकुरावर काम करते. ती शब्द बदलते, खंड गाळते, नवा घालते. 'विधेयकच मागे घ्या' एवढेच लिहिले तर तुमचा विरोध नोंदला जातो, पण समितीच्या हाती संपादन करायला काही उरत नाही. विरोध असेल तर तो पहिल्या परिच्छेदात स्वच्छ लिहा आणि 'तरीही विधेयक पुढे नेल्यास' असे म्हणून खंडनिहाय बदल द्या. दुसरा भाग लिहिल्याने पहिला कमकुवत होत नाही.

वर आलेले जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ नंतर संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा त्यावर १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने केलेले बदल मोजके होते. व्यक्ती आणि संघटना अशी व्यापक भाषा जाऊन कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना अशी भाषा आली, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा वाढवून उपअधीक्षकापर्यंत नेला, आणि सल्लागार मंडळाची रचना बदलली. ते बदल पुरेसे होते का, हा वाद वेगळा. पण शब्द, दर्जा, रचना हेच बदलले, हे लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

दोन मर्यादा सांभाळा. केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरेल असे काही समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयावर सुचवले, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची अनुमती लागते. महिला व बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारे शक्ती विधेयक संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, पण ती अनुमती न मिळाल्याने अमलात आले नाही. दुसरी मर्यादा पैशाची: राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करायला लावणाऱ्या विधेयकाला अनुच्छेद २०७ नुसार राज्यपालांची शिफारस लागते. म्हणून नवे मंडळ, नवी पदे मागण्याआधी तेच काम अस्तित्वात असलेल्या अधिकाऱ्याकडे देता येते का ते पाहा.

सूचनेचा साचा

प्रत्येक सूचनेत चार गोष्टी हव्यात: खंड व उपखंड, सध्याचा मजकूर जसाच्या तसा, सुचवलेला मजकूर, आणि दोन ते चार वाक्यांत कारण. एक काल्पनिक खंड घेऊ.

सध्याचा मजकूर: 'सक्षम प्राधिकाऱ्यास आवश्यक वाटल्यास, त्याला कोणतीही नोंदणी रद्द करता येईल.'

सुचवलेला मजकूर: 'सक्षम प्राधिकाऱ्यास, कारणे लेखी नमूद करून, नोंदणी रद्द करता येईल: परंतु, नोंदणीधारकास किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय असा कोणताही आदेश काढता येणार नाही.'

कारण: नोटिशीची तरतूद नसल्यास आदेशाला न्यायालयात आव्हान दिले जाईल आणि अंमलबजावणी रखडेल.

कारण सरकारच्या सोयीचे लिहिले आहे, हे पाहिलेत ना? ते मुद्दाम. 'हा अन्याय आहे' यापेक्षा 'यामुळे तुमचाच आदेश टिकणार नाही' हे लवकर पटते. बदल 'परंतु' ने सुरू होणाऱ्या परंतुकात बसवला की मूळ खंड शाबूत राहतो, आणि मान्य करणाऱ्यालाही तो लहान वाटतो. एक खंड बदलल्याने दुसरीकडे काय बदलेल तेही लिहा. नोटीस घातली तर ती बजावायची कशी, अपिलाची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे राहून गेले तर चांगली सूचनाही अर्धवट म्हणून बाजूला पडते.

पाच-सहा खंडांपलीकडे जाऊ नका, आणि सर्वांत महत्त्वाचा आधी ठेवा. पुरावा म्हणून आदेशाची प्रत किंवा निकालाचा उतारा जोडा, त्यावर परिशिष्ट क्रमांक घाला आणि मजकुरात तोच क्रमांक द्या. एकच छापील पत्र शेकडो जणांच्या सह्यांनी पाठवले तर संख्या दिसते, मुद्दा मात्र एकच मोजला जातो. त्याऐवजी दहा जणांनी आपापल्या अनुभवाचा एकेक खंड घेतलेला बरा.

पत्र जाहीर सूचनेत दिलेल्या पत्त्यावर आणि दिलेल्या तारखेच्या आत जायला हवे. सामान्यतः ते विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई येथे समितीच्या नावे जाते. विषयात विधेयकाचे पूर्ण नाव आणि क्रमांक लिहा. ईमेलने पाठवलेत तरी सही केलेली छापील प्रत टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तोंडी म्हणणे मांडायचे असेल तर ती विनंती पहिल्याच पानावर करा, पण बोलावणे येईलच असे धरून चालू नका. बोलावले तर समितीपुढचे बोलणे अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत बाहेर सांगू नका, नाहीतर विशेषाधिकारभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो.

अहवाल आला की त्यासोबतचे सुधारित विधेयक मूळ प्रतीशेजारी ठेवून वाचा आणि भिन्नमतपत्रिका (अहवालाशी असहमत सदस्यांची लेखी मते) असतील तर त्याही वाचा. तुमचा मुद्दा गळाला असेल पण एखाद्या सदस्याने तो भिन्नमतपत्रिकेत धरला असेल, तर त्याच सदस्याला तुमचा सुचवलेला मजकूर लगेच पोचवा. सभागृहात खंडनिहाय विचार होताना त्यांना सुधारणेची सूचना देता येते. अहवाल आणि मंजुरी यांत एखादाच दिवस असू शकतो. त्यामुळे सदस्याला द्यायचे हे पत्र अहवाल येण्याआधीच लिहून तयार ठेवावे.