रक्ताची पिशवी लावताना

"तुम्ही पाटील ना?" असं रुग्णाला कधीही विचारू नका. गुंगीतला, घाबरलेला माणूस कशालाही "हो" म्हणतो. "पूर्ण नाव सांगा," म्हणा. आमच्या वॉर्डात एकदा शेजारशेजारच्या खाटांवर दोन पाटील होते, एक ए पॉझिटिव्ह, दुसरे ओ. तेव्हापासून नव्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. मग मनगटावरची पट्टी, केसपेपर, पिशवीवरचा नंबर, रक्तगट, मुदत हे सगळं दोघी सिस्टरनी मोठ्याने वाचून जुळवायचं. तेही खाटेपाशी, टेबलावर नाही.

पिशवी रक्तपेढीतून आली की अर्ध्या तासात लावा, लावल्यापासून 4 तासांत संपवा. गरम पाण्यात बुडवू नका, नातेवाईक कितीही म्हणोत. सेट, म्हणजे पिशवीला जोडायची नळी, फिल्टरचाच. त्या लाइनमधून नॉर्मल सलाइनशिवाय काहीही सोडायचं नाही.

पहिली 15 मिनिटं थेंब संथ, आणि तुम्ही तिथेच. फोन वाजू दे. थंडी, ताप, कंबरदुखी, धाप, पुरळ, किंवा नुसतं "सिस्टर, कसंतरीच होतंय" एवढं जरी ऐकलं, तरी आधी रक्त बंद, मग डॉक्टरांना हाक. परवानगीची वाट पाहायची नाही. सुई मात्र काढू नका; नवा सेट जोडून सलाइन चालू ठेवा. ती पिशवी सेटसकट रक्तपेढीत परत जाते, कचऱ्यात नाही.